लेसोथो : एका देशाच्या पोटातला दुसरा देश

चहूबाजूंनी एकाच देशाने वेढलेली स्वतंत्र राष्ट्रे जगात तीनच आहेत. व्हॅटिकन सिटी आणि सान मारिनो ही दोन इटलीच्या पोटात आहेत आणि तिसरे, लेसोथो, दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. पहिली दोन इतकी चिमुकली आहेत की त्यांचे वेगळेपण इतिहासाने जपलेली एक गंमत म्हणून सोडून देता येते. लेसोथोच्या बाबतीत तसे करता येत नाही. ३०,३५५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, वीस लाखांहून अधिक लोकसंख्या, स्वतःचा राजा, संसद, सैन्य आणि चलन असलेले हे राष्ट्र संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य आहे. तरीही त्याला शेजारी एकच, आणि बाहेर पडणारा प्रत्येक रस्ता त्या एकाच शेजाऱ्याच्या भूमीवरून जातो.

अशा देशाविषयी दोन प्रश्न साहजिकच पडतात. आजूबाजूची आफ्रिकी राज्ये एकामागून एक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या ताब्यात जात असताना हे एवढेसे राज्य वाचले कसे? आणि वाचल्यानंतरही ते इतके गरीब का राहिले? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बव्हंशी १८६९ साली आखल्या गेलेल्या एका सीमारेषेत आहेत. त्या रेषेने राज्य वाचवले आणि त्याच रेषेने त्याची सुपीक जमीन काढून घेतली. पुढच्या दीडशे वर्षांत लेसोथोने जगाला जे जे विकले, म्हणजे आधी धान्य, मग माणसांचे श्रम, नंतर पाणी आणि अलीकडे शिवलेले कपडे, त्याची साखळी तिथूनच सुरू होते.

नावांविषयी थोडे आधीच सांगितलेले बरे, कारण बातम्यांत ती सरमिसळ होऊन येतात. देश लेसोथो, तिथले लोक बासोथो, त्यांच्यातील एक व्यक्ती मोसोथो आणि त्यांची भाषा सेसोथो. स्थानिक उच्चारात ‘थो’चा कल ‘टू’कडे जातो. ब्रिटिश काळातील कागदपत्रांत या प्रदेशाचे नाव बासुटोलँड असे आढळते.

उंचावरची जमीन

लेसोथोतील सर्वांत सखल जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. संपूर्ण भूभाग हजार मीटरच्या वर असलेला जगात दुसरा देश नाही. पश्चिम सीमेवरून कॅलेडन नदी वाहते, तिला बासोथो मोहोकारे म्हणतात. तिच्या काठाने वालुकाश्माच्या पठाराचा एक अरुंद पट्टा आहे. तिथल्या बोलण्यात तोच सखल प्रदेश. राजधानी मासेरू, बहुतेक शहरे, बहुतेक लोक आणि नांगरण्याजोगी बहुतेक जमीन या पट्ट्यात आहे. त्याच्या पूर्वेला मालोती पर्वताच्या रांगा चढत जातात आणि थाबाना न्त्लेन्याना या ३,४८२ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत पोहोचतात. आफ्रिकेच्या दक्षिण भागात याहून उंच शिखर नाही. हे डोंगर सह्याद्रीप्रमाणेच लाव्हाच्या थरांचे आहेत, मात्र वयाने सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुने.

जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा. त्या दिवसांत वरच्या भागांत बर्फ पडते, घाटरस्ते बंद होतात आणि काही गावांचा बाकीच्या देशाशी संपर्क तुटतो. आफ्रिका म्हटले की रणरणते ऊन आणि हत्ती-सिंह डोळ्यांपुढे येणाऱ्या वाचकाने ते चित्र इथे बाजूला ठेवावे. इथे दिसतात ती मेंढरे, अंगोरा शेळ्या, चढाच्या पायवाटांवर सवयीने चालणारे तट्टू आणि लोकरीचे जाड ब्लँकेट पांघरलेली माणसे. देशाच्या एकूण क्षेत्रापैकी लागवडीखाली येऊ शकणारी जमीन जेमतेम दहा टक्के आहे, आणि तीही पावसाने जागोजाग चिरून खोल घळी पडलेली.

मोश्वेश्वे आणि टेकडीवरचे राज्य

बासोथो हा फार पूर्वीपासून चालत आलेला एकजिनसी समाज नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मोठ्या उलथापालथीच्या काळात, एका माणसाने तो जुळवला. त्या माणसाचे नाव मोश्वेश्वे. त्याचा जन्म १७८६ च्या सुमारास एका लहानशा सरदाराच्या घरी झाला. १८२० च्या दशकात या प्रदेशात दुष्काळ, पूर्वेकडे झुलू राज्याचा उदय आणि दक्षिणेकडून बंदुका घेऊन येणाऱ्या टोळ्यांच्या धाडी एकाच वेळी कोसळल्या. वस्त्या उठल्या, गुरे लुटली गेली आणि माणसे अन्नासाठी वणवण फिरू लागली. या काळाला सेसोथोत ‘लिफाकाने’ म्हणतात. त्याचे मूळ कारण कोणते, यावर इतिहासकारांत अजूनही वाद आहेत.

१८२४ मध्ये मोश्वेश्वे आपले लोक घेऊन थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या टेकडीवर गेला. कडे सरळ तुटलेले, वर जायच्या वाटा मोजक्या, माथ्यावर पाण्याचे झरे आणि गुरांना चारा, अशी ती जागा होती. तिच्यावर पुढे अनेकांनी चढाई केली, पण लढून ती कोणालाही घेता आली नाही. मात्र केवळ बळकट जागेने राज्य उभे राहत नाही. मोश्वेश्वेचे खरे साधन होते गुरे, आणि ती वापरण्याची ‘माफिसा’ नावाची पद्धत. परागंदा होऊन आलेल्या कुटुंबाला तो काही गाई सांभाळायला देई. दूध, शेण आणि नांगराचे काम त्या कुटुंबाचे. गाईंची मालकी मात्र राजाची. कुटुंब जगे आणि राजाला बांधले जाई. वेगवेगळ्या कुळांची, प्रसंगी परस्परांशी वैर असलेली माणसे अशा रीतीने एका छत्राखाली आली.

त्याच्या धोरणीपणाच्या अनेक कथा सांगितल्या जातात. थाबा बोसिऊकडे निघालेल्या तांड्यातून मागे पडलेल्या त्याच्या आजोबांना, पेएते यांना, उपासमारीने नरभक्षक बनलेल्या टोळीने मारून खाल्ले. पुढे ती माणसे हाती लागली, तेव्हा त्याने त्यांना ठार केले नाही. आपल्या आजोबांची ही जिवंत थडगी आहेत आणि थडग्याची विटंबना करायची नसते, असे म्हणून त्याने त्यांना वसवले. १८३१ मध्ये म्झिलिकाझीच्या एंडेबेले सैन्याचा हल्ला परतवल्यावर त्याने माघारी निघालेल्या त्या सैन्याच्या मागोमाग गुरे पाठवली आणि निरोप दिला, की तुम्हाला भुकेनेच इथे आणले असणार. ते सैन्य पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाही. १८५२ च्या डिसेंबरात ब्रिटिश गव्हर्नर कॅथकार्टची फौज बेरिया पठारावर मार खाऊन मागे सरली. त्या रात्रीच मोश्वेश्वेने पत्र पाठवले, की आपण शिक्षा केलीत, गुरे नेलीत, आता एवढे पुरे समजावे. जिंकणाऱ्याने हरलेल्याकडे अभय मागणारे हे पत्र म्हणजे मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना आहे. त्यामुळे कॅथकार्टला आपली अब्रू राखून परत जाता आले, आणि मोश्वेश्वेला दुसरे, अधिक मोठे युद्ध टाळता आले.

युरोपीय जगाशी व्यवहार करायचा तर ते जग जाणणारा माणूस जवळ हवा, हेही त्याने ओळखले होते. १८३३ मध्ये पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनचे तीन तरुण त्याच्या राज्यात आले. त्यांपैकी युजीन कासालिस पुढे बरीच वर्षे त्याचा परराष्ट्र सल्लागार असल्यासारखाच वावरला. या मिशनऱ्यांनी सेसोथो भाषेला लिपीबद्ध केले, मोरिजा येथे शाळा आणि छापखाना उभारला आणि १८६३ मध्ये ‘लेसेलिन्याना ला लेसोथो’ हे सेसोथो वृत्तपत्र सुरू केले. मोश्वेश्वेने त्यांचे सहकार्य घेतले, त्यांची प्रवचने ऐकली, परंतु बाप्तिस्मा अखेरपर्यंत घेतला नाही.

१८६९ ची रेषा

१८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील ब्रिटिश केप वसाहतीतून निघालेले बोअर, म्हणजे डच वंशाचे शेतकरी, कॅलेडन नदीच्या पश्चिमेकडील कुरणांत येऊ लागले. आरंभी त्यांनी तात्पुरते राहू देण्याची विनंती केली. पुढे ते जमिनीवर हक्क सांगू लागले आणि १८५४ मध्ये त्यांचे ‘ऑरेंज फ्री स्टेट’ हे प्रजासत्ताक अस्तित्वात आले. १८५८ मध्ये आणि पुन्हा १८६५ ते १८६८ या काळात बासोथो आणि फ्री स्टेट यांच्यात युद्धे झाली. बोअरांना थाबा बोसिऊ घेता आला नाही. १८६५ च्या ऑगस्टमधील चढाईत त्यांचा सेनानी लू वेपेनर तिथेच मारला गेला. तेव्हा त्यांनी टेकडी सोडून शेतांवर मोर्चा वळवला. उभी पिके जाळली, कोठारे फोडली, गुरे हाकून नेली. टेकडीवरचे राज्य अजिंक्य होते, पण ते ज्या शेतांवर जगत होते ती शेते सपाटीवर होती.

मोश्वेश्वेने आता जुना पर्याय पुन्हा पुढे केला आणि ब्रिटिश राणीचे संरक्षण मागितले. राणी म्हणजे पांघरूण आणि आपले लोक त्या पांघरुणातील उवा, अशा आशयाचे उद्गार त्याने काढल्याचे सांगितले जाते. बोअरांनी समुद्रापर्यंत पोहोचू नये आणि सरहद्द शांत राहावी, हा ब्रिटिशांचा स्वतःचा हेतूही त्याच्या विनंतीला अनुकूल होता. १२ मार्च १८६८ रोजी बासुटोलँड ब्रिटिश अमलाखाली आले. पुढल्या वर्षी अलिवाल नॉर्थ येथे ब्रिटिश आणि फ्री स्टेट यांच्यात करार झाला आणि कॅलेडन नदी ही सीमा ठरली. नदीच्या पश्चिमेकडील मका, ज्वारी आणि गव्हाची उत्तम जमीन बोअरांकडे राहिली आणि बासोथोंना नदीच्या अलीकडचा अरुंद पट्टा व मागचे डोंगर मिळाले. सेसोथो बोलणाऱ्यांची संख्या आजही लेसोथोपेक्षा दक्षिण आफ्रिकेत बरीच जास्त आहे, याचे मूळ या रेषेत आहे. ११ मार्च १८७० रोजी मोश्वेश्वे वारला. हा दिवस लेसोथोत राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

रेषा आखल्याने स्वातंत्र्य मात्र पक्के झाले नव्हते. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी हा प्रदेश केप वसाहतीला जोडून टाकला. केपच्या सरकारने काही वर्षांनी बासोथोंना बंदुका जमा करण्याचा हुकूम दिला. या बंदुका बासोथो तरुणांनी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत काम करून, मजुरीच्या पैशांतून विकत घेतल्या होत्या, त्यामुळे हुकूम मानण्यास बहुतेकांनी नकार दिला. १८८० ते १८८१ या काळात झालेल्या ‘बंदुकांच्या युद्धात’ केप सरकारचे काही चालले नाही, खर्च मात्र प्रचंड झाला, आणि १८८४ मध्ये कंटाळून त्याने हा प्रदेश लंडनच्या हवाली केला. पुढे १९१० मध्ये केप, नाताळ, ट्रान्सव्हाल आणि फ्री स्टेट यांचा एक संघ बनून दक्षिण आफ्रिका देश निर्माण झाला, तेव्हा बासुटोलँड केपचा भाग नसल्यामुळे त्यात ओढले गेले नाही. कधीतरी ते संघाला जोडता येईल, अशी तरतूद कायद्यात होती, परंतु बासोथोंचा विरोध आणि पुढे वर्णभेदी धोरणांची वाढती बदनामी यांमुळे ती अमलात आली नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी लेसोथो स्वतंत्र झाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : एका राजाची मुत्सद्देगिरी, एक अजिंक्य टेकडी आणि खाणीतल्या मजुरीच्या बंदुका.

धान्य संपले, माणसे निघाली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण जमीन गमावल्याबरोबर हा प्रदेश गरीब झाला, असे घडले नाही. १८७० च्या दशकात किंबर्लीत हिऱ्यांसाठी हजारो माणसे जमली होती आणि त्यांना खायला धान्य लागत होते. बासोथो शेतकऱ्यांनी नांगर घेतले, उरलेली जमीन जोमाने कसली आणि बैलगाड्या भरभरून धान्य किंबर्लीकडे पाठवले. १८८५ मध्ये रेल्वे किंबर्लीला पोहोचली आणि तिच्याबरोबर परदेशातील स्वस्त गहू आला. १८९६-९७ मध्ये बुळकांड्या रोगाने गुरांचे कळपच्या कळप संपवले, म्हणजे नांगर ओढणारे बैलही गेले आणि साठवलेली संपत्तीही गेली. लोकसंख्या वाढत होती, पण जमीन वाढणार नव्हती. चढावरची, एरवी कुरण म्हणून सोडलेली जमीन नांगरली गेली, आणि तिची माती पावसाबरोबर ऑरेंज नदीत गेली. १९३०-४० पर्यंत धान्य पाठवणारा प्रदेश धान्य विकत घेणारा झाला होता.

दरम्यान सरकारने दर झोपडीमागे रोख कर बसवला होता आणि रोख पैसा मिळण्याचे ठिकाण एकच होते, दक्षिण आफ्रिकेतील खाणी. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला, म्हणजे आजच्या जोहान्सबर्गच्या परिसरात, सोने सापडल्यापासून शंभर वर्षे बासोथो पुरुष तिकडे जात राहिले. १९८० च्या दशकात एक लाखाहून अधिक बासोथो या खाणींत कामाला होते. देशातील धडधाकट पुरुषांचा इतका मोठा हिस्सा एका वेळी परदेशात असल्यावर घर, शेती, म्हाताऱ्यांची देखभाल आणि मुलांचे पालनपोषण सगळे स्त्रियांवर पडले, यात नवल नाही. खाणमालकांना मजुराच्या बायकामुलांचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च उचलावा लागत नव्हता. तो लेसोथोतील गाव उचलत होते. स्वस्त मजुरीचे खरे रहस्य हेच होते. १९९० नंतर सोन्याचा धंदा उतरणीला लागला, खाणी बंद पडू लागल्या आणि मजूर हजारोंनी परतले, त्यांतील अनेकजण खाणीतील धुळीने फुप्फुसे निकामी होऊन. या रोगग्रस्त खाणकामगारांच्या सामूहिक दाव्यात २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या न्यायालयाने भरपाईच्या समझोत्याला मंजुरी दिली, आणि तिचे लाभार्थी लेसोथोतही आहेत. खाणीच्या काळाचा आणखी एक वारसा म्हणजे एचआयव्ही. प्रौढांपैकी साधारण पाचवा हिस्सा बाधित आहे, आणि हे प्रमाण जगातील सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक आहे. औषधोपचार पोहोचवण्यात मात्र या देशाने मोठे यश मिळवले आहे.

घर, गुरे आणि ब्लँकेट

खेड्यातील पारंपरिक घर, मोखोरो, गोल असते. दगडी भिंत, वर गवताचे शाकारलेले छप्पर, आत शेणामातीने सारवलेली जमीन. भिंतींना बाहेरून ओल्या गिलाव्यात बोटांनी किंवा काटक्यांनी रेघा ओढून नक्षी काढतात, तिला ‘लितेमा’ म्हणतात. हे काम स्त्रियांचे. पावसाने नक्षी धुऊन जाते आणि सणासमारंभाला पुन्हा काढली जाते. रोजचे जेवण म्हणजे पापा, अर्थात मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि सोबत मोरोहो ही चिरून शिजवलेली पालेभाजी. मांस सणाला किंवा पाहुण्यांना. ज्वारीची आंबवलेली पेज मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे पितात. ज्वारीची दारू घरोघरी गाळत नाहीत, आंबवतात, आणि ती विकून संसार चालवणाऱ्या बायका पुष्कळ आहेत.

लग्नात वराकडून वधूच्या घरी गुरे देण्याची ‘बोहाली’ ही प्रथा अजून चालू आहे, जरी आता गुरांचा हिशेब बहुधा पैशात होतो. गुरे सांभाळण्याचे काम मुलग्यांचे. पाच-सहा वर्षांचा मुलगा घराजवळची मेंढरे वळू लागतो. थोडा मोठा झाला की उन्हाळ्यात त्याला डोंगरावरच्या ‘मोतेबो’वर, म्हणजे गुरांच्या मुक्कामी धाडतात. तिथे दगडाची बुटकी झोपडी, दोन-तीन कुत्री, एक काठी, गुडघ्यापर्यंत येणारे रबरी बूट आणि अंगावरचे ब्लँकेट एवढ्यावर तो कित्येक महिने काढतो. याचा एक परिणाम असा, की शाळेत मुली पुढे आणि मुलगे मागे. स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असलेल्या मोजक्या देशांत लेसोथो मोडतो. कायद्याने मात्र विवाहित स्त्रीला २००६ पर्यंत सज्ञान मानलेच नव्हते, म्हणजे नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला कर्ज घेता येत नव्हते की करार करता येत नव्हता. गावच्या सरदारकीचा वारसा आजही मुलीला मिळत नाही. शिकलेली, कमावती आणि घर चालवणारी स्त्री कागदोपत्री दुय्यम, ही विसंगती तिथल्या न्यायालयांपुढेही आलेली आहे.

ब्लँकेटविषयी दोन वाक्यांत भागणार नाही. पूर्वी बासोथो जनावरांच्या कातड्यांचे पांघरूण वापरत. १८६० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने मोश्वेश्वेला लोकरीचे ब्लँकेट भेट दिले, त्याला ते आवडले आणि पाहता पाहता सगळ्या प्रजेने कातडे टाकून ब्लँकेट घेतले, असे सांगतात. आज जन्म, दीक्षा, लग्न, मृत्यू असा एकही प्रसंग त्याच्याशिवाय होत नाही. पुरुष ते उजव्या खांद्यावर मोठ्या पिनेने अडकवतात, स्त्रिया छातीवर. त्यावर मक्याचे कणीस, मुकुट, ढाल अशी चित्रे असतात. कणीस हे समृद्धीचे चिन्ह. कापडभर जे एक-एक सेंटिमीटर रुंदीचे वेगळ्या रंगाचे पट्टे दिसतात ते मूळचे विणकामातला दोष होते, असे मानले जाते. लोकांना तो दोषच आवडला, म्हणून कारखानदारांनी तो कायम केला. हे पट्टे नेहमी उभे यावेत अशा रीतीने ब्लँकेट पांघरायचे, कारण उभे पट्टे वाढ दाखवतात. राष्ट्राची ओळख बनलेले हे वस्त्र आरंभी इंग्लंडहून येई आणि आता सीमेपलीकडे, दक्षिण आफ्रिकेतील कारखान्यात तयार होते. राष्ट्रध्वजावरची ‘मोकोरोत्लो’ ही शंकूच्या आकाराची गवती टोपी मात्र इथेच विणतात.

पाणी कसे विकले जाते

जोहान्सबर्ग आणि आसपासचा औद्योगिक पट्टा सोन्यामुळे वसला, नदीमुळे नव्हे. जवळपास मोठी नदी नाही. मालोती पर्वतावर पाऊस आणि बर्फ भरपूर, पण तिथे उगम पावणारी सेंकू नदी, जिला पुढे ऑरेंज म्हणतात, उलट्या दिशेने वाहत अटलांटिक महासागराला मिळते. ते पाणी सीमा ओलांडून खाली गेल्यावर दक्षिण आफ्रिकेला फुकटच मिळत होते, परंतु तिथून ते पंपाने उचलून उत्तरेला न्यायला अफाट वीज लागली असती. तेच पाणी वर, डोंगरातच अडवले आणि बोगद्यांतून उत्तरेकडे वळवले, तर उतारानेच वाहत जाते. दोन्ही देशांनी १९८६ मध्ये करार करून आखलेल्या पाणीयोजनेचे सारे अर्थकारण या फरकावर उभे आहे. पंपाच्या पर्यायाच्या तुलनेत जी बचत होते तिचा ५६ टक्के हिस्सा लेसोथोला स्वामित्वधन म्हणून मिळावा, असे करारात ठरले.

कात्से येथील १८५ मीटर उंचीचे कमानी धरण १९९० च्या दशकात बांधून झाले. तिथून पाणी ४५ किलोमीटरच्या बोगद्यातून मुएला येथे येते, ७२ मेगावॉटचे वीजकेंद्र चालवते आणि पुढे दुसऱ्या बोगद्याने दक्षिण आफ्रिकेतील नदीत सोडले जाते. नंतर मोहाले धरण जोडले गेले, आणि आता पोलिहाली येथे तिसऱ्या मोठ्या धरणाचे काम चालू आहे. धरणांनी दऱ्यांतील शेते आणि कुरणे बुडाली. विस्थापितांना धान्य आणि रोख रकमेच्या स्वरूपात भरपाई ठरली, तरी तिच्याविषयीच्या तक्रारी संपलेल्या नाहीत. मालोतीतील खेड्यांत नळ नसणे आणि त्याच डोंगरांतून रोज कोट्यवधी लिटर पाणी बाहेर जाणे, ही टीका तिथे नेहमी ऐकू येते, आणि ती रास्त आहे.

या योजनेने आणखी एक गोष्ट जगापुढे आणली. योजनेचे प्रमुख मासुफा सोले यांना परदेशी कंपन्यांकडून लाच घेतल्याबद्दल २००२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. एवढ्यावर न थांबता लेसोथोच्या न्यायालयाने लाच देणाऱ्यांनाही धरले आणि कॅनडाच्या एकर्स इंटरनॅशनल या कंपनीला दोषी ठरवले. त्यानंतर जागतिक बँकेने त्या कंपनीला काही काळ काळ्या यादीत टाकले. श्रीमंत देशांतील कंपन्यांवर असा खटला चालवण्याची हिंमत त्या काळी मोठमोठ्या देशांनीही क्वचितच दाखवली होती.

राजा, सेना आणि शेजारी

लेसोथोत राजा आहे, पण १९९३ च्या राज्यघटनेनुसार त्याला कार्यकारी अधिकार नाहीत. सध्याचे राजे लेत्सी तिसरे हे मोश्वेश्वेचेच वंशज. संसदेच्या खालच्या सभागृहात १२० सदस्य असतात. वरच्या सभागृहातील ३३ पैकी २२ जागा प्रमुख सरदारांच्या आहेत. गावपातळीवर सरदार आजही तंटे ऐकतो आणि ‘पित्सो’, म्हणजे जाहीर गावसभा, बोलावतो.

राष्ट्रीय राजकारण मात्र अस्थिर राहिले. १९७० च्या निवडणुकीत आपण हरतो आहोत असे दिसताच पंतप्रधान लेआबुआ जोनाथन यांनी ती निवडणूकच रद्द केली. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांना लेसोथोने आश्रय दिला, त्याची किंमतही मोजली. ९ डिसेंबर १९८२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंनी मासेरूत घुसून ४२ जणांना ठार केले. १९८६ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेने सीमा आवळल्या, आणि तीन आठवड्यांत लेसोथोच्या सैन्याने जोनाथन यांना हटवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाण्याचा करार झाला. हा क्रम पाहिल्यावर करार किती मोकळेपणाने झाला असेल, अशी शंका येते. १९९८ च्या निवडणुकीत एका पक्षाला सुमारे ६० टक्के मतांवर ८० पैकी ७९ जागा मिळाल्या, दंगे उसळले, शेजारी देशांचे सैन्य आत आले आणि मासेरूची बाजारपेठ जळाली. त्यातून धडा घेऊन मतांच्या प्रमाणात काही जागा देणारी मिश्र निवडणूक पद्धत २००२ मध्ये स्वीकारण्यात आली. तिने विरोधकांना संसदेत आणले, आणि २०१२ पासून एकामागून एक कोलमडणारी आघाडी सरकारेही आणली. २०२२ मध्ये उद्योगपती सॅम मातेकाने यांचा काही महिन्यांपूर्वीच स्थापन झालेला पक्ष सत्तेवर आला.

खाणींतील नोकऱ्या गेल्यावर त्यांची जागा काही प्रमाणात कापड कारखान्यांनी घेतली. २००० साली अमेरिकेने आफ्रिकी मालाला जकातमाफी देणारा कायदा केला आणि बव्हंशी तैवानी मालकांनी मासेरू व मापुत्सोए येथे कारखाने थाटून अमेरिकेसाठी जीन्स शिवायला सुरुवात केली. सरकारखालोखाल सर्वांत जास्त नोकऱ्या या धंद्यात होत्या आणि कामगार बहुतेक स्त्रिया. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने लेसोथोवर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले. ते नंतर १५ टक्क्यांवर आले, पण मधल्या अनिश्चिततेत मागण्या थांबल्या आणि कारखान्यांतून माणसे कमी झाली. जुलैमध्ये सरकारने बेकारीमुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. लेत्सेंगसारख्या उंचावरील खाणीतून अधूनमधून जगप्रसिद्ध हिरे निघतात (२०१८ साली तिथे ९१० कॅरेटचा हिरा सापडला), पण त्यातून नोकऱ्या फार निघत नाहीत.

त्यामुळे काम शोधायला दक्षिण आफ्रिकेत जाणे आजही चालूच आहे; फरक एवढाच, की पूर्वी खाणकंपनीचा करार हाती असे आणि आता घरकाम, बांधकाम किंवा शतावरीच्या शेतावरील हंगामी मजुरीसाठी माणसे, विशेषतः बायका, कधी परवान्यावर तर कधी परवान्याविना नदी ओलांडतात. लेसोथोचे चलन, लोटी, दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी समान मूल्याने बांधलेले आहे आणि मासेरूच्या दुकानांत रँड बिनदिक्कत चालतो, मग माणसांनाच पासपोर्ट कशाला, असा प्रश्न तिथे नेहमी विचारला जातो. दक्षिण आफ्रिकेत सामील व्हावे असे म्हणणारा एक गट आहे. त्याच्या नेमके उलट टोक म्हणजे २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत एका खासदाराने मांडलेला ठराव. फ्री स्टेटसह १८६९ पूर्वीचा सगळा मुलूख लेसोथोचा जाहीर करावा, अशी त्याची मागणी होती. ती पुरी होण्याची शक्यता कोणीच गंभीरपणे धरत नाही, पण संसदेत ती नोंदवून घेतली गेली आणि तिच्यावर चर्चा झाली.